कॅटलिना ३० : जुन्या शिडाच्या बोटीच्या कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३, अलमीडा (कॅलिफोर्निया)

बोट आज आमच्या नावावर झाली. कॅटलिना ३०, बांधणी १९८४ची, ऑकलंडच्या खाडीत बरीच वर्षं नुसती बांधून ठेवलेली. लांबी ३० फुटांना इंचभर कमी, रुंदी १० फूट १० इंच, पाण्याखाली ५ फूट ३ इंच. वजन सुमारे ४,६०० किलो, त्यातलं १,९०० किलो कीलचं, म्हणजे तोल सांभाळायला तळाला लटकवलेल्या शिशाच्या पात्याचं.

हीच बोट का, हे आधी लिहून ठेवते. फ्रँक बटलर यांनी रेखलेलं हे मॉडेल १९७०च्या दशकाच्या मध्यापासून २००८पर्यंत बनत राहिलं आणि सहा हजारांहून जास्त बोटी पाण्यात उतरल्या. एवढ्या बोटी चार-पाच दशकं हजारो हातांत वापरल्या गेल्या, की कुठे पाणी शिरतं, कुठे लाकूड कुजतं, डोलकाठीला धरणारी कोणती तार आधी तुटते हे सगळं ठाऊक होतं आणि त्यावरचे इलाजही पारखलेले असतात. बाजारात याच पैशांत याहून देखण्या बोटी होत्या. पण त्यांचे दोष आम्हाला स्वतःच शोधत बसावं लागलं असतं. जुनी बोट घेताना माझी पहिली कसोटी हीच : जिचे आजार माहीत आहेत ती घ्यावी.

घरी फोनवर बातमी सांगितली तर पहिला प्रश्न आला, "मग आता जगप्रदक्षिणा का?" नाही. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले ती 'म्हादेई' ५६ फुटी होती, गोव्यात मुद्दाम त्या कामासाठी बांधलेली. आमची बोट किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याची. सकाळी निघावं, संध्याकाळी पुढच्या बंदरात नांगर टाकावा, हवामानाचा अंदाज बिघडला तर तिथेच थांबावं. त्यासाठी ती उत्तम आहे. आत सहा फुटांचा माणूस ताठ उभा राहतो, चौघं नीट झोपतात, आणि रुंद असल्यामुळे ती वाऱ्यात एकदम आडवी होत नाही.

सर्व्हेअरने दाखवलेले मुद्दे : कीलच्या सांध्यात चीर, डोलकाठीखालचा डेक किंचित दबलेला, खिडक्या गळक्या, जुने व्हॉल्व्ह, आणि वायरिंगवर भरवसा नाही. यातलं काहीही अनपेक्षित नव्हतं. किंमत ठरवतानाच बोटी दुरुस्त करायच्या यार्डाचा खर्च धरला होता.

२६ नोव्हेंबर

बोट पाण्याबाहेर काढली. पट्ट्यांवर तोलून क्रेनने वर घेताना तिच्या पोटावरचं शेवाळ आणि बार्नॅकलचे थर पाहून मुलीने नाक दाबलं. प्रेशरच्या पाण्याने धुतल्यावर पोट स्वच्छ निघालं. बारीक फोड कुठे कुठे आहेत, काळजीचे नाहीत.

कीलच्या पुढच्या टोकाशी, जिथे ती बोटीच्या पोटाला भिडते तिथे, आडवी वाकडी चीर आहे. जुन्या कॅटलिना बोटींवर ही इतकी सर्रास दिसते की इकडे तिला 'कॅटलिनाचं हसू' म्हणतात. पुष्कळजण त्यावर नुसती पुट्टी भरून रंग मारतात आणि पुढच्या वर्षी ती परत उमटते, कारण ती वरून दिसते तिथली नसतेच. कील ज्या भागाला बोल्टांनी लटकलेली असते, त्या भागात फायबरग्लासच्या थरांमध्ये प्लायवूड आहे. बोल्टांच्या भोकांतून बिल्जचं, म्हणजे बोटीच्या आत अगदी तळाशी साचणारं, पाणी त्या प्लायवूडपर्यंत पोचलं की ते मऊ पडतं. मग नट कितीही आवळा, खाली दाबायला घट्ट असं काही उरत नाही. बोट लाटांवर पुढेमागे झुलते तेव्हा पुढचा सांधा उघडतो आणि मिटतो.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांचं लहानपण देवगड बंदरात, आजोबांच्या मचव्यावर गेलेलं. ते म्हणाले, "अगं, पावसाळ्यात आपण होड्या ओढून घ्यायचो, तुमच्याकडे आत्ता का?" त्यांना सांगितलं की इथे उलट आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जोराचा वारा उन्हाळ्यात. आतल्या बाजूच्या सेंट्रल व्हॅलीतली जमीन तापली की तिकडची हवा वर उठते आणि समुद्रावरची थंड हवा गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून आत खेचली जाते. दुपारी २०-२५ नॉट (तासाला तेवढे सागरी मैल) वारा हा जुलैतला रोजचा क्रम. हिवाळ्यात एरवी शांत आणि मधूनच आग्नेयेकडून वादळी पाऊस. म्हणून दुरुस्ती आत्ता आणि शिडं एप्रिलनंतर.

३ डिसेंबर

बिल्जमधला वरचा फायबरग्लास कापून प्लायवूड उघडं केलं. पुढच्या दोन बोल्टांभोवती लाकूड काळं, ओलं, स्क्रूड्रायव्हर सहज आत जाईल इतकं मऊ. मागच्या बाजूला ते जवळजवळ कोरडं आणि टणक आहे. बाबा पाहता पाहता म्हणाले, "लाकडाला पाणी मारत नाही गो, कोंडलेलं पाणी मारतं." त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल हवी तशी हवाही हवी. पाण्याखालच्या चिखलात पूर्ण गाडलेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. अर्धवट ओल्या पोकळीत अडकलेलं काही वर्षांत जातं.

इलाज ठरलेला आहे : कुजलेलं सगळं काढायचं, परत लाकूड घालायचं नाही, पोकळी फायबरग्लास आणि इपॉक्सी राळेने भरीव करायची.

यार्डात बोट आपल्या कीलवरच उभी असते, बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळतात. त्यामुळे नट काढले म्हणून कील खाली पडत नाही. तरी एकदम सगळं मोकळं न करता पुढून मागे टप्प्याटप्प्याने जाणार आहोत, म्हणजे पोटाचा आकार हलणार नाही.

१० डिसेंबर

नवरा आणि मी आळीपाळीने बिल्जमध्ये. जागा इतकी अरुंद की एका वेळी एकच खांदा आत जातो. छिन्नी, फिरतं कटर, व्हॅक्यूम. बोल्टांच्या आट्यांना धक्का लागू नये म्हणून त्यांच्यावर रबरी नळीचे तुकडे चढवले.

काळं लाकूड संपून टणक लाकूड लागलं की थांबण्याचा मोह होतो. पण ओल डोळ्यांना दिसते त्यापुढे गेलेली असते. आम्ही ओलावामापकाचा काटा कोरड्यावर स्थिर होईपर्यंत कापत गेलो. मग दोन्ही पुढच्या कप्प्यांत हीटर लावून, वर पत्रा टाकून ते तसेच सुकत ठेवले. घाई करून ओल्या पृष्ठभागावर इपॉक्सी ओतलं तर ते चिकटत नाही. आतून न चिकटलेलं दुरुस्तीचं काम हे मूळ दोषापेक्षा वाईट, कारण मग ते दिसतच नाही.

उघडे पडलेले बोल्ट नीट पाहिले. स्टेनलेस स्टीलला गंजू न देणारा त्याचा पातळ थर टिकायला प्राणवायू लागतो. साचलेल्या, हवा नसलेल्या खाऱ्या पाण्यात तोच थर मरतो आणि बोल्ट मधेच कुरतडला जातो. वरची टोकं मात्र चकचकीत. आमच्या बोल्टांवर तपकिरी डाग आहेत, खड्डे नाहीत, आणि जाडी कुठेही कमी झालेली नाही. हा मोठा दिलासा.

१७ डिसेंबर

भरायला सुरुवात. इपॉक्सीचा जाड थर एकदम ओतला तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो, फेसाळतो, तडकतो. म्हणून पातळ थर. त्यात फायबरग्लासचं कापड बसवायचं, रोलरने हवा काढायची, हाताला कोमट लागायचं थांबलं की पुढचा थर. रात्री तापमान १० अंशांखाली उतरतं आणि इपॉक्सी आळसावतं, तेव्हा दिवा लावून ठेवावा लागतो. रात्रभर सुकलेल्या थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो, तो पाण्याने आणि खरखरीत फडक्याने धुऊन काढल्याशिवाय वर काही टाकायचं नाही. यार्डात येणारे-जाणारे थांबून चौकशी करतात. शेजारी दुसरी कॅटलिना उभी आहे, तिच्या मालक आजोबांनी हेच काम पूर्वी केलंय. वॉशरखाली जाड स्टीलच्या पट्ट्या घालायचा सल्ला त्यांचा. नटाचा दाब मोठ्या जागेवर पसरतो. घालणार आहोत.

२३ डिसेंबर

भरणी पूर्ण, नवे नट, पट्ट्या बसल्या. बोटीचं वजन कीलवर असतानाच नट टॉर्क रेंचने आवळले, तेही आलटून पालटून. बाहेरून चिरेतला जुना मसाला खरवडून काढून सांधा नव्या लवचीक सीलंटने भरला.

दिवसभर पाऊस. आत बसून कुठून गळतंय ते पाहण्यासाठी याहून चांगला दिवस नाही. डावीकडची मोठी खिडकी, कठड्याच्या दोन खांबांचे पाय, आणि बाजूच्या तारांच्या पट्ट्या डेकमधून जिथे खाली उतरतात ती जागा. पाणी जिथे टपकतं तिथून शिरत नाही, छताच्या अस्तरामागून हातभर प्रवास करून मग खाली येतं. कोरड्या दिवशी पुन्हा नळीने एकेका जागेवर पाणी सोडून खात्री करायची.

१४ जानेवारी २०२४

डोलकाठी उतरवली. या बोटीत डोलकाठी डेकवर उभी असते, तिचा भार आतला लाकडी खांब घेतो आणि तो खांब बिल्जमधल्या एका ठोकळ्यावर टेकतो. ठोकळा नेहमी ओल्यात, त्यामुळे हळूहळू चेपत जातो. वरचा डेक त्याबरोबर खाली बसतो, तारा सैल पडतात, मालक त्या आवळतो, भार आणखी वाढतो, ठोकळा आणखी चेपतो. पहिलं लक्षण भलतीकडेच दिसतं : शौचालयाचं दार घासायला लागतं. बोट पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा ते दार चौकटीत अडकत होतं, आणि त्याच वेळी मी ठोकळ्याचा खर्च वहीत मांडला होता.

डोलकाठीचा भार गेल्यावर हायड्रॉलिक जॅकने खांबाशेजारून डेक अगदी सावकाश वर उचलला. जुना ठोकळा हाताने भुगा होऊन निघाला. त्या जागी भरीव फायबरग्लासचा ठोकळा, इपॉक्सीत बसवलेला. संध्याकाळी शौचालयाचं दार न अडकता मिटलं. ते मी पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिलं, फार बरं वाटलं.

उद्या संक्रांत. तिळगुळाचा डबा यार्डात घेऊन जाणार आहे.

४ फेब्रुवारी

आज मोठं वादळ. राज्यभर लाखो घरांची वीज गेली, आमचीही. डोलकाठी खाली असल्यामुळे बोटीवर वाऱ्याचा जोर कमी, तरी काल टेकूंच्या जोड्यांना साखळ्या बांधून आलो होतो. दुपारी जाऊन पाहिलं, सगळं जागेवर आहे.

आडव्या पडलेल्या डोलकाठीवर आता निवांत काम होतंय. तारा बाजूला ताणून धरणाऱ्या आडकाठ्या जिथे तिला जोडल्या आहेत त्या ओतीव अॅल्युमिनियमच्या जोडांना जुन्या बोटींत चिरा जातात. रंगद्रव्य लावून तपासलं, एका बाजूला केसासारखी रेघ उमटली. दोन्ही बाजूंना स्टेनलेस स्टीलचे नवे जोड मागवले. तारा सगळ्याच बदलणार. वय कळत नाही आणि एका तारेवर पूर्ण डोलकाठी अवलंबून असते, तेव्हा इथे काटकसर नाही.

२५ फेब्रुवारी

व्हॉल्व्ह. बोटीच्या पोटातल्या प्रत्येक भोकावर एक. घरातल्या नळासारखे चाक फिरवून बंद होणारे पितळी होते. पितळात तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. एक चाक हातातच आलं. सगळे काढून कांशाचे, पाव वळणात बंद होणारे बसवले, खाली पाठीराखे ठोकळे घालून. प्रत्येकाशेजारी निमुळता लाकडी बोंडा दोरीने बांधून ठेवलाय, नळी निसटली तर ठोकायला.

१७ मार्च

वायरिंगचं काम संपलं. लिहिण्यासारखं थोडंच. इंजिनच्या वायरिंगमधली प्लगची जोडणी, जिथे ओल शिरून वायर तापते आणि व्होल्टेज गळतं, ती पूर्ण काढून टर्मिनल पट्टी लावली. कल्हई केलेली तांब्याची वायर, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या.

इंजिन युनिव्हर्सल एम-२५, तीन सिलिंडर, २१ अश्वशक्ती, मूळ ठोकळा कुबोटाचा. या इंजिनवर आल्टरनेटरचा जुना कंस टायमिंगच्या झाकणावर बसवलेला असे. कंपनाने झाकण तडकलं तर तेल बाहेर जातं. आधीच्या मालकाने तो सुधारित कंसाने बदललेला आहे, पावतीसुद्धा फाइलमध्ये सापडली. अशा माणसाकडून बोट आपल्याकडे येते तेव्हा त्याचे मनोमन आभार मानावेत. तेल, फिल्टर, पाण्याचा पंखा, उष्णता-विनिमयाच्या नळीतला जस्ताचा दांडा बदलला.

३१ मार्च

डेकवरचं सगळं सामान परत बसवलं. पद्धत एकच, पण प्रत्येक भोकाला करायची : भोक मोठं करायचं, आतला लाकडी गाभा थोडा खरवडायचा, घट्ट इपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर मधोमध नवं भोक पाडायचं. मग पाणी शिरलंच तरी लाकडापर्यंत पोचत नाही. तोंडाशी थोडा उतार कोरून ब्युटिलची चिकट रबरी पट्टी, आणि आवळणं दोन-तीन दिवसांत विभागून. खिडक्यांच्या अॅक्रिलिकला पॉलिसल्फाइडचं सीलंट चालत नाही, ते त्याला तडे पाडतं, तिथे सिलिकॉन.

१३ एप्रिल

पाडवा मंगळवारी झाला, क्रेन आज मिळाली. सासूबाईंनी पाठवलेला नारळ नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, वाढवला, खोबरं यार्डातल्या सगळ्यांना वाटलं. पट्ट्यांत लटकलेली असतानाच एकजण आत उतरून प्रत्येक व्हॉल्व्ह पाहून आला. कीलचे नट कोरडे. तासभर थांबून पुन्हा पाहिलं, कोरडे. मग पट्टे सुटले.

१८ मे

डोलकाठी उभी करून तारा ताणून झाल्या आहेत. आज पहिल्यांदा मोकळ्या वाऱ्यात, अल्काट्राझच्या दक्षिणेकडून. दुपारी एकच्या पुढे वारा २० नॉटच्या वर. या बोटीचा स्वभाव आज कळला : पूर्ण शीड ठेवून ती कलवली की सुकाणू जड होतं आणि नाळ वाऱ्याकडे ओढ घेते. मुख्य शीड एक घडी कमी केलं, पुढचं थोडं गुंडाळलं, आणि ती लगेच सरळ होऊन वेगही टिकला. म्हणजे १५ नॉटलाच शीड कमी करायचं. पाण्यातली लांबी २५ फूट, त्यामुळे साडेसहा नॉटपुढे ती फारशी जाणारच नाही. जास्त कापड म्हणजे नुसती ओढाताण. वाऱ्याआडच्या तारा सैल होऊन लटकत नव्हत्या. बिल्जमध्ये फडकं फिरवलं, सुकं.

२९ जून, पिलर पॉइंट

गोल्डन गेट पुलाबाहेरचा पहिला पल्ला, हाफ मून बेमधल्या या बंदरापर्यंत, वीस-पंचवीस नॉटिकल मैल.

वेळ वाऱ्यावरून नाही, पाण्यावरून ठरवली. गोल्डन गेटखाली जोराची ओहोटी ४-५ नॉटची असते आणि समोरून पश्चिमेचा वारा असेल तर त्या दोहोंच्या झटापटीत आखूड, उभ्या लाटा उठतात. म्हणून पहाटे, पाणी स्थिरावून ओहोटी नुकती सुरू होताना पुलाखालून निघालो. वारा जेमतेम होता. उजव्या हाताला पोटॅटो पॅच : चार फॅदमचा (सुमारे २४ फुटांचा) उथळ भाग, मोठी लाट आली की खोल समुद्रातून येणारं तिचं सगळं बळ तिथे उसळून फुटतं. आज तिथे फक्त सुस्त फुगवटे होते, तरी आम्ही मोठ्या जहाजांच्या मार्गाच्या कडेने, बोयांमधूनच बाहेर पडलो. धुकं दाट. मुलगी भोंगा धरून बसली होती, नवरा आसपासची जहाजं दाखवणाऱ्या एआयएसवर, मी सुकाणूवर. रेडिओवर चॅनेल १४, जहाजांच्या वाहतुकीचं, लावून ठेवलेलं. एका कंटेनर जहाजाचा आत येण्याचा संदेश ऐकला आणि त्याला वाट देऊन बाजूला झालो.

दक्षिणेला वळल्यावर वायव्येचा वारा मागून आला, धुकं अकराच्या सुमाराला फाटलं आणि कड्यांची रांग डावीकडे उघडी झाली. फक्त पुढच्या शिडावर पाच नॉट. पिलर पॉइंटला थेट वळायचं नाही. बाहेर खडकांची रांग आहे, मॅव्हरिक्सच्या प्रसिद्ध लाटा त्याच भागात फुटतात. बोया ओलांडून मग आत. दुपारी तीनला ब्रेकवॉटरच्या (लाटा अडवणाऱ्या बांधाच्या) आत नांगर टाकला.

बाबांना फोन केला. पहिला प्रश्न, "कीलचे बोल्ट बघितलेस?" बघितले होते. कोरडे.

६ जुलै, अलमीडा

परतीचा पल्ला वाऱ्याच्या तोंडावर, म्हणून सोमवारी पहाटे चारला इंजिनवर निघालो होतो. दुपारचा वारा उठायच्या आत भरतीबरोबर पुलाखालून आत. इंजिन कुरकुरलं नाही, तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

आज टॉर्क रेंच लावून कीलचे सगळे नट तपासले. पुढचा एक अगदी किंचित फिरला, बाकीचे नाही. वहीत आकडे लिहिले, ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासायचे. सुकाणूच्या पात्यात पाणी आहे असा संशय आहे. आतला फोम ओला झाला की पातं जड होतं आणि आतली स्टीलची चौकट गंजते. पुढच्या वेळी यार्डात काढू तेव्हा खालच्या टोकाला भोक पाडून निथळू द्यायचं, मग ठरवायचं. मुख्य शिडाची मागची कड ताणली गेली आहे, हिवाळ्यात शीडवाल्याकडे. ऑगस्टमध्ये हवामान साथ देईल त्या आठवड्यात उत्तरेला, ड्रेक्स बेपर्यंत.